कॅथलिक हायस्कूलमध्ये प्रार्थना विभाग माझ्याकडे आलाय, मुलं कंटाळतात. परिपाठ आणि मिस्सा कशी आयोजित करू?

तुम्ही लिहिलंय की मुलं प्रार्थनेला नुसती उभी असतात, आणि त्यावर उपाय म्हणून प्रोजेक्टर, गिटार आणि ॲक्शन साँग आणायचा विचार चाललाय. आणा हवं तर, पण महिनाभरात मुलं गिटारलाही कंटाळतील. मी वसई तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत २६ वर्षं मराठी शिकवलं, त्यातली सहा वर्षं प्रार्थना विभाग माझ्याकडे होता आणि मग तो काढून घेतला. का काढला तेच सांगते, कारण तुम्हाला जे हवंय ते बरंचसं त्यात आहे.

आमच्याकडे शाळेच्या मिस्सेला, म्हणजे फादरांच्या सामूहिक उपासनेला, विश्वासूंच्या प्रार्थना (जमलेल्या सगळ्यांच्या वतीने केलेली मागणी) एका वहीतून वाचायचे. वही कोणत्या सिस्टरांनी कधी लिहिली कुणालाच आठवत नव्हतं. पोपमहाशयांसाठी, बिशपांसाठी, राज्यकर्त्यांना सुबुद्धी मिळावी म्हणून, आजारी लोकांसाठी, मृतांसाठी, संपलं. आठवीतली पोरं ती अख्खी वही सिस्टरांच्या आवाजात म्हणून दाखवायची आणि खरं सांगते, हुबेहूब म्हणायची. मी विभाग हातात घेतल्यावर पहिलं काय केलं तर वही कपाटात टाकली आणि बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा, वर खाच पाडून, स्टाफरूमच्या बाहेर ठेवला. ज्याला कशासाठी प्रार्थना हवी त्याने चिठ्ठी टाकायची, नाव नको.

पहिल्या आठवड्यात तीन चिठ्ठ्या. एक इंडिया मॅच जिंकू दे, एक गणिताच्या सरांना ताप येऊ दे, तिसरी कोरी. स्टाफरूममध्ये सगळे हसले. तिसऱ्या आठवड्यात चाळीसच्या वर आल्या, आणि मी त्या घरी नेऊन वाचल्या तेव्हा मला जेवण गेलं नाही. पप्पा डिसेंबरला दुबईहून येऊ देत. आजीला ऑपरेशननंतर दिसू दे. घरी रात्री भांडण नको. एक चिठ्ठी अख्खी कादोडीत, म्हणजे वसईकडच्या बोलीत होती, घरी बोलतात तशीच, आणि मराठीची बाई असूनही मला वाटलं की या पोराने पहिल्यांदा शाळेत स्वतःच्या भाषेत देवाशी बोललंय, आपण शुद्धलेखन कसलं तपासतोय. माझ्या वर्गात बावन्नपैकी जेमतेम वीस मुलं ख्रिस्ती, बाकी हिंदू आणि दोन मुसलमान. त्यातली एक मुलगी येऊन विचारते, बाई, आम्ही टाकली तर चालेल का? म्हटलं टाक की, डबा काय बाप्तिस्म्याचा दाखला मागतोय?

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मिस्सा असायची. गुरुवारी शाळा सुटल्यावर नववीची चार मुलं बसून पाच चिठ्ठ्या निवडायची. कुणाची ओळख पटेल असं काही असलं तर ते काढायचं, बाकी मजकुराला हात लावायचा नाही, हा माझा नियम. याच नियमाने घात केला.

२०११ चा ऑगस्ट. बाहेर बदाबदा पाऊस आणि शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर जूनपासून पाणी नाही, कारण पंप जळलेला. मुलग्यांना काय, ते खाली मैदानाजवळच्या नळावर जायचे. मुली घरून बाटली आणायच्या, आणि महिन्यातले ते चार दिवस कितीतरी जणी शाळेतच यायच्या नाहीत, हजेरीपटात मला ते दिसत होतं आणि मीही गप्प होते हे कबूल करते. दोन अर्ज दिले होते, झालं, माझं कर्तव्य संपलं. त्या शुक्रवारी बाहेरून पाहुणे फादर आलेले, पुढच्या रांगेत मॅनेजमेंटची मंडळी. नववीची मुलगी माइकवर आली, चार प्रार्थना वाचल्या आणि पाचवी वाचली, "मुलींच्या टॉयलेटच्या नळाला पाणी यावं म्हणून आपण प्रभूकडे प्रार्थना करू या."

एक क्षण हॉल चिडीचूप. आणि मग सहाशे मुलांनी "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक" असं म्हटलं की पत्र्याचं छप्पर हललं. इतक्या वर्षांत तो प्रतिसाद मी मनापासून दिलेला कधी ऐकला नव्हता. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सगळ्या मुली. तुम्ही ज्याला सहभाग म्हणता ना, तो हा.

मिस्सेनंतर मुख्याध्यापक फादरांनी केबिनमध्ये बोलावलं. ते म्हणाले, "बाई, प्रार्थना म्हणजे तक्रारपेटी नाही. वेदीसमोर संडासाचा उल्लेख?" मी तेव्हा घाबरून सॉरी म्हटलं. बाहेर आल्यावर जिन्यात जे सुचलं ते आजवर सुचतंच आहे, म्हणून इथे लिहून टाकते.

प्रार्थनेत तक्रार नसते म्हणे. मग बायबलमधली स्तोत्रसंहिता काय आहे? तेरावं स्तोत्र सुरूच होतं किती वेळ, देवा, मला कायमचं विसरणार का असं विचारत. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी आभारबिभार काही नाही. बाविसाव्याची पहिली ओळ येशू क्रुसावर म्हणाला, माझा त्याग का केलास, आणि ती तक्रार नाही तर काय आहे? आता नियमाचं बोलायचं तर विश्वासूंच्या प्रार्थना मिस्सेतून कित्येक शतकं गेल्याच होत्या, त्या परत आणा असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६३ मध्ये उपासनेवरच्या दस्तऐवजात सांगितलं. आणि मिस्सेच्या नियमावलीत क्रमही दिलाय: ख्रिस्तसभेच्या (चर्चच्या) गरजा, मग राज्यकर्ते आणि जग, मग कोणत्याही अडचणीने पिचलेले लोक, मग आपला स्थानिक समाज. भाषा थोडक्यात हवी आणि मागणं सगळ्या समुदायाचं हवं. त्या पोरीचं वाक्य एका ओळीचं होतं, तिसऱ्यात बसतं आणि चौथ्यातही बसतं. वहीवाल्या प्रार्थना चौथ्यापर्यंत कधी पोचायच्याच नाहीत. फादर सेमिनरीत शिकलेले, त्यांना हे माझ्याहून जास्त माहीत होतं, राग नियमाचा नव्हताच, पुढच्या रांगेचा होता.

मंगळवारी पंप दुरुस्त झाला. डिसेंबरच्या आधी माझ्याकडून विभाग गेला, "तुमच्यावर दहावीचा भार आहे" असं कारण, आणि वही कपाटातून बाहेर आली.

बरं, तुमचे बाकीचे प्रश्न. परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका, आता राज्यगीत, सुविचार, दिनविशेष हे सगळं झाल्यावर प्रार्थनेला चार मिनिटं उरतात, त्यात तीन गाणी कोंबू नका. एक वाक्य शुभवर्तमानातलं (बायबलमधल्या येशूच्या चरित्रातलं), एक मिनिट खरीखुरी शांतता आणि एका मुलाची स्वतःची प्रार्थना, बास. शांतता सुरुवातीला जमत नाही, पोरं खोकतात, हसतात, दोन आठवडे सहन करा. शनिवारी आठवड्याची उजळणी घ्या: काय चांगलं झालं, कुठे चुकलं, सोमवारी काय करणार. येशूसंघीय (जेझुइट) फादरांची ही जुनी पद्धत आहे आणि धर्म कोणताही असो, मुलांना जमते.

मिस्सेचं म्हणाल तर वाचणाऱ्या मुलांना आदल्या दिवशी रिकाम्या हॉलमध्ये माइकवर उभं करा, वर्गात केलेल्या तालमीचा काही उपयोग नाही. मुलांच्या मिस्सेसाठी रोमने १९७३ मध्ये सवलती दिल्या आहेत, वाचनं कमी करता येतात (शुभवर्तमान सोडून), पण त्या लहान मुलांसाठी आहेत, नववी-दहावीला बालगीतं लावाल तर ती तुमच्यावर हसतील, आणि बरोबरच हसतील. कम्युनियनच्या वेळी, म्हणजे फादर पवित्र भाकर देतात तेव्हा, रांगेच्या टोकाला शिक्षक उभा हवा, कारण ती फक्त कॅथलिक मुलांसाठी असते आणि कुतूहलाने बाकीची मुलंही रांगेत घुसतात, आमच्याकडे एकाने होस्टिया (ती भाकर) खिशात घालून नेला होता आणि पुढचा अर्धा तास काय झालं ते विचारू नका. हे आधी वर्गात नीट, न ओरडता समजावून सांगा. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी तो प्रश्न नाही, राख कुणीही लावून घेऊ शकतं, आणि तो बुधवार बोर्डाच्या परीक्षेच्या आसपास येतो त्यामुळे दहावीचं पोरगं न् पोरगं कपाळ पुढे करतं. कुमसाराला (फादरांपुढे पापांची कबुली देण्याला) मात्र एका फादरवर भागवू नका, शेजारच्या पॅरिशमधून (चर्चमधून) तीन-चार बोलवा. ऑक्टोबरच्या रोझरीला, म्हणजे मरियेच्या जपमाळेला, रोज पाचही रहस्यं (माळेचे पाच भाग) नकोत, सहामाहीचे पेपर असतात, एक दशक (दहा मण्यांचा एक भाग) पुरे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी होती. घटनेच्या कलम २८ (३) नुसार सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत कुणालाही धार्मिक उपासनेला बसवायचं तर मूल अज्ञान असल्याने पालकाची संमती लागते. कॅथलिक बिशपांच्या परिषदेनेही २०२४ मध्ये शाळांना सांगितलंय की दुसऱ्या धर्माच्या मुलांवर आपल्या परंपरा लादू नका. त्यामुळे प्रवेशाच्या वेळी लेखी संमती घ्या, आणि ज्यांना नकोय त्यांच्यासाठी मिस्सेच्या वेळी मूल्यशिक्षणाचा खरा तास ठेवा, वर्गात कोंडून झाडू मारायला लावू नका. माझ्या वेळी आम्ही हे काहीच केलं नव्हतं. डब्याचं कौतुक मी एवढं सांगितलं, पण त्या सहाशेंपैकी किती जणांच्या घरी मिस्सेबद्दल विचारलं होतं? एकाच्याही नाही. आणि डबा ठेवणारच असाल तर चिठ्ठ्या स्वतः आधी वाचा, कारण काही चिठ्ठ्या माइकवर वाचायच्या नसतात, समुपदेशकाकडे न्यायच्या असतात. मला अशा दोन आल्या होत्या.

गेल्या वर्षी एका लग्नात फादर भेटले, आता दुसरीकडे असतात, थकलेत. ख्यालीखुशाली झाली, फुगियास (तळलेले गोल पाव) खाल्ले, आणि जाता जाता म्हणतात कसे, "बाई, तो पंप तुमच्या प्रार्थनेमुळे नव्हता हं, कोटेशन जुलैमध्येच पास झालं होतं." मी म्हटलं, फादर, तारीख दाखवा. ते हसले आणि गाडीत बसले.