दुब्रोव्हनिकला आई-बाबांना घेऊन चार दिवस निवांत राहिलं तर कंटाळा येईल का?

अजिबात नाही येणार, बिनधास्त राहा. क्रोएशियाला जाऊन आलेले बरेच जण सांगतात की दुब्रोव्हनिक म्हणजे नुसती गर्दी, एक दिवस बास, पण त्यांनी बघितलेलं असतं ते सकाळी दहा ते दुपारी चारचं दुब्रोव्हनिक. ग्रूझ बंदराला क्रूझ लागली की बसेस भरभरून माणसं जुन्या गावाच्या 'पिले' नावाच्या दरवाज्यापाशी उतरतात आणि संध्याकाळी परत. २०१९ पासून एका वेळी दोनच क्रूझ असं ठरवलंय म्हणा, तरी बंदराच्या साइटवर कुठल्या दिवशी कुठलं जहाज येणार ते दिसतं, ते बघून लोक्रुम बेटाचा दिवस ठरवा. जुन्या बंदरातून बोट, पंधरा मिनिटं, तिकडे झाडी आणि मोर.

राहायचं मात्र जुन्या गावाभोवतीच्या तटबंदीच्या आतच, महाग पडलं तरी. फक्त बुकिंगआधी घरमालकाला पायऱ्या किती ते विचारा, कारण स्त्रादुन हा मधला मेन रस्ता सपाट आहे पण त्याच्या उत्तरेकडच्या गल्ल्या म्हणजे सरळ जिनेच, आणि आत गाडी येत नाही त्यामुळे बॅगा आपल्यालाच उचलायच्या.

सकाळी लवकर गुंदुलिच चौकात बाजार भरतो, तिथे सुके अंजीर आणि साखरेत घोळवलेल्या संत्र्याच्या साली मिळतात, आईंना नक्की आवडतील. पाण्याची बाटली विकत घेऊ नका. पिले दरवाज्यातून आत शिरल्याशिरल्या ओनोफ्रिओचं कारंजं आहे, सोळा कोरलेले दगडी चेहरे आणि प्रत्येकाच्या तोंडातून धार. १४३८ साली बारा किलोमीटरवरून पाणी आणलं होतं, अजून पिण्यासारखं आहे. मग स्त्रादुनवरच्या जुन्या दुकानांची दारं बघत बसा: एकाच कमानीत अर्ध्यात दार, अर्ध्यात खिडकी, खिडकीचा दगडी कट्टा हाच काउंटर, म्हणजे गिऱ्हाइकाला आत यायचीच गरज नाही. अर्थात ही घरं मध्ययुगीन नाहीत हं, १६६७ च्या भूकंपात गाव जमीनदोस्त झालं त्यानंतर एकसारखी बांधलेली. खरं मध्ययुगीन बघायचं तर फ्रान्सिस्कन मठातलं अंगण, जोडखांबांच्या ओळी, आणि तिथलीच १३१७ पासूनची फार्मसी. तिथे एक तास तरी द्या.

तटबंदीची फेरी जवळजवळ दोन किलोमीटर, चढउतार बराच, सावली नाही, आणि एकाच दिशेने चालायचं. उघडल्या उघडल्या जा. दुब्रोव्हनिक पास काढलात तर हे तिकीट आणि सिटी बस त्यातच येते. वरून कौलं नीट बघा, लालभडक दिसतात ती बहुतेक युगोस्लाव्हिया फुटतानाच्या युद्धात, १९९१-९२ साली झालेल्या तोफमाऱ्यानंतर बसवलेली, फिकट ती जुनी. बाबांचे गुडघे कुरकुरत असतील तर सरळ केबल कारने स्र्ज डोंगरावर न्या, तिथूनही सगळं गाव दिसतं.

आणि घाई नसलेल्या पाहुण्यांची या गावाला जुनी सवय आहे. प्लेगच्या भागातून येणाऱ्यांना आधी महिनाभर बाहेर थांबवायचं हा कायदा यांनी १३७७ सालीच केला होता! नंतर बांधलेले लाझारेती, म्हणजे अशा लोकांना ठेवायच्या इमारती, 'प्लोचे' नावाच्या दुसऱ्या दरवाज्याबाहेर अजून उभे आहेत, संध्याकाळी चालत जाण्यासारखे.

शाकाहारी असाल तर ब्लित्वा मागा, पालकासारखी पालेभाजी, बटाटा आणि लसूण घातलेली. सोबत फोडणीची मिरची न्या, हसू नका. व्हिसा शेंगेनचा, पैसे युरो. मे किंवा ऑक्टोबर बरा, जुलै-ऑगस्टला आई-बाबांना नेऊ नका. आणि बूट चांगल्या ग्रिपचे घ्या, स्त्रादुनची फरशी पायांनी घासून घासून इतकी गुळगुळीत झालीय की पाऊस पडला की जाम घसरते.