चिंगीशी बोलता तसे स्वतःशी बोला

प्रश्न : मी बेळगावात वडगाव भागात राहतो. आमचा पिढीजात मागाचा धंदा आहे. कर्ज काढून तो वाढवायला गेलो, ते अंगलट आले आणि काही माग विकावे लागले. घरात कुणी टोचून बोलत नाही, पण वडिलांनी उभे केलेले मी घालवले म्हणून मी स्वतःला दिवसभर कोसत असतो. पावसात गटारीकाठी सापडलेली आमची चिंगी नावाची कुत्री मात्र मी दारात दिसलो की अंगावर झेपावते. तिच्या मायेला मी लायक नाही असे वाटून अधिकच भरून येते. काय करावे?

उत्तर : चिंगीला तुमच्या कर्जाचा आकडा ठाऊक नाही आणि तो कळला असता तरी तिचे शेपूट हलायचे थांबले नसते. लायकी हा प्रश्न तिच्या लेखी मुळात नाहीच. शिवाय ही माया एकतर्फी नाही. जपानमधील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जे कुत्रे मालकाकडे जास्त वेळ पाहत राहिले, त्यांच्या आणि त्यांच्या मालकांच्याही शरीरातील ऑक्सिटोसिन, म्हणजे जवळिकीशी निगडित संप्रेरक, वाढल्याचे दिसले होते. भिजलेल्या पिल्लाला तुम्ही उचलून घरी आणलेत, तेव्हा त्याची लायकी विचारली नव्हती, हे मला तुमच्या पत्रात सर्वांत मोलाचे वाटते.

चिंगीने कांड्यांची पाटी उलथून सूत गुंतवले, तर तुम्ही क्षणभर रागवाल, पण दिवसभर तिला दूषणे देत बसणार नाही. ‘असू दे गं बाय’ म्हणून तिला बाजूला घ्याल आणि गुंता सोडवायला लागाल. हा सूर तुमच्याजवळ आहे, फक्त तो स्वतःच्या वाट्याला येत नाही. म्हणून रात्री मन खायला उठले, की स्वतःला नावाने हाक मारून, चिंगीशी बोलता त्याच आवाजात दोन वाक्ये बोला. पहिल्यांदा अवघडल्यासारखे होईल, पण सोडू नका.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये आत्मकरुणेची मांडणी करताना तीन गोष्टी सांगितल्या : स्वतःशी मायेने वागणे, चुकणे हे सगळ्याच माणसांच्या वाट्याला येते याची जाणीव ठेवणे, आणि दुःख न दडपता वा न फुगवता जसे आहे तसे पाहणे. तुमच्या बाबतीत मी दुसरीवर भर देईन. यंत्रमागाच्या धंद्यात सुताचे भाव, विजेचे बिल आणि साडीची मागणी यांतले काहीच एकट्याच्या हातात नसते. वडगाव, खासबागेतल्या कुणाही जुन्या मागवाल्याजवळ मन मोकळे करा. तोही असे काही दिवस सांगेल.

स्वतःवर माया करणे म्हणजे कर्जाकडे डोळेझाक नव्हे. चिंगी रस्त्यावर धावली तर तुम्ही तिला घट्ट धरताच. त्याच काळजीने बँकेत जाऊन हप्त्यांची फेरमांडणी होईल का ते विचारा, आणि घरच्यांपुढे हिशेब उघडा ठेवा.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येत असेल, तर चिंगीच्या सोबतीवर भागवू नका. केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून रात्रंदिवस चालू असतो, आणि तिथे मराठीत किंवा कन्नडमध्येही बोलता येते.