टाळी येण्याआधी
अगं, काल तालमीत प्रत्येक वाक्यानंतर तू दिग्दर्शकाच्या चेहऱ्याकडे बघत होतीस. त्या नादात समोरच्याचं वाक्य दोनदा सुटलं. मीही यातून गेलेय. ठाण्याच्या गडकरी रंगायतनमधल्या माझ्या पहिल्या प्रयोगात एका वाक्यावर हशा आला नाही, तर जवळच्या तलावपाळीच्या कट्ट्यावर रडत बसले होते. पुढच्या प्रयोगाला त्याच वाक्यावर अख्खं थिएटर हसलं. मी काहीच बदललं नव्हतं. प्रेक्षक रोज वेगळा असतो गं.

एक कर. तालीम संपली की कुणालाही "कसं झालं?" विचारण्याआधी वहीत लिही: कुठे मनापासून बोललीस, कुठे नुसतं पाठांतर झालं. मग दिग्दर्शकाचं ऐक, नीट ऐक, ते लागतंच. मंगळवारी वही घेऊन ये, दुसरा प्रवेश आपण दोघी बसून बघू.