पैठणीचा मोर नको, घराचा नकाशा कोर

परदेशात बसून गावाकडचं काही छापायचं म्हटलं की पैठणीचा मोर आणि वारलीची माणसं हटकून येतात. पहिल्या लिनोकटसाठी, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून घेतलेल्या ठशासाठी, दोन्ही टाळ. (आजोळ डहाणूचं असेल तर गोष्ट वेगळी.) त्यापेक्षा सोडून आलेल्या घराचा नकाशा आठवून काढ: मोरी कुठे, देवघर कुठे, दार कुठल्या बाजूला उघडायचं.

मुद्राचित्रकार झरीना हाश्मी यांचं काम निवांत बघ. जन्म अलीगढचा, १९३७चा. पुढे मुक्काम न्यूयॉर्कला. २००१च्या ‘डिव्हायडिंग लाइन’ या वुडकटमध्ये (लाकूड कोरून घेतलेल्या ठशात) फाळणीची सीमारेषा आहे. पण त्यांनी रेषा कोरली नाही, आजूबाजूचं लाकूड कोरून काढलं आणि रेषा तेवढी उरली. हे निव्वळ कसब नाही. विषयानंच तंत्र निवडलंय.

देवनागरी अक्षरं घेणार असशील तर ट्रेसिंग पेपरवर लिही आणि कागद पालथा घालून ब्लॉकवर उतरव, नाहीतर छापल्यावर सगळं उलटं येईल. शिरोरेषा फार बारीक ठेवू नकोस, लिनो तिथेच तुटतो. ‘ळ’ आणि ‘क्ष’च्या पोटात शाई भरते, म्हणून अक्षर जरा मोठंच काढ. शाई कमी घे. रोलर फिरवताना बारीक चरचर ऐकू आली की पुरे. प्रेस नसला तरी अडत नाही. पातळ जपानी कागद आणि लाकडी चमच्याची पाठ, एवढ्यावर झकास ठसा उठतो.

खाली पेन्सिलनं प्रतींचा क्रमांक आणि सही. मी सही मराठीत करतो. गॅलरीवाले कुरकुरतात, कुरकुरू देत.