दगड जमवायला लागलायस ना, मग हे वाच

अरे सगळ्यात आधी एकच, दगड उचललास की त्याच दिवशी त्यावर जागा आणि तारीख लिही. लक्षात राहील असं मलाही वाटलेलं, आता एका डब्यात अकरा काळे दगड पडलेत आणि कुठला कुठून आणला काही पत्ता नाही. खालच्या बाजूला पांढऱ्या नेलपॉलिशचा छोटा ठिपका दे, सुकला की बारीक परमनंट मार्करने लिही, वरून ट्रान्स्परंट नेलपॉलिशचा एक हात मार, मग सहज पुसलं जात नाही.

समुद्रावरचा असेल तर दोन-तीन दिवस साध्या पाण्यात ठेव आणि पाणी बदलत राहा, नाहीतर मीठ पांढरं होऊन वर येतं. ओला असताना ज्या रंगावर भुललास तो वाळल्यावर फिका पडणारच, म्हणून वार्निश फासू नकोस, प्लास्टिकचा वाटतो (माझं मत हां). व्हिनेगर तर नकोच, चुनखडी किंवा संगमरवर निघाला तर फेस येऊन झिजतो.

नॅशनल पार्कातून मात्र काही उचलू नको. अमेरिकेत अॅरिझोनाला पेट्रिफाइड फॉरेस्ट नावाचा नॅशनल पार्क आहे, तिथून नेलेले दगड बनलेल्या लाकडाचे तुकडे लोक माफीची पत्रं लिहून परत पाठवतात. आणि साइज मुठीत मावेल एवढीच, बॅग तुलाच उचलायचीय.