पॅडवर वाघ, सामन्यात शेळी

प्रश्न : सर, मी सोळा वर्षांखालच्या मुलांना रग्बी शिकवतो. सरावात टॅकल पॅडवर (धडक घ्यायची जाड गादी) त्यांचं रकिंग, म्हणजे जमिनीवरच्या बॉलवर उभ्यानं रेटून तो राखणं, झकास होतं. सामन्यात मात्र टॅकल झाला, म्हणजे बॉलवाल्याला धरून पाडलं, की बॉल हमखास समोरच्यांकडे जातो. ड्रिल वाढवू का?

उत्तर : वाढवू नका, आहेत ती निम्मी करा. पॅड धरून उभा असलेला मुलगा बॉल चोरायला वाकत नाही, की तिरका घुसत नाही. त्यामुळे तुमच्या मुलांना रेटता येतं, पण रकमध्ये जायचं की नाही हे ठरवायची वेळच त्यांच्यावर येत नाही. घोडं तिथंच पेंड खातं.

त्याऐवजी डाव लावा. साधारण २० बाय १५ मीटरचा चौकोन, पाच जण बॉल घेऊन, चार जण बचावाला. टॅकलनंतर तीन सेकंदांत बॉल बाहेर आला तर एक गुण, ट्रायला (बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवला तर) दोन आणि बॉल हिसकावला तर बचावाला तीन. गुण फळ्यावर लिहिले की पोरं इरेला पेटतात.

थोड्याच वेळात दिसेल की एका रकवर तिघं तुटून पडतात आणि पास घ्यायला कुणी उरत नाही. तेव्हा शिट्टी मारून भाषण ठोकू नका. नियम बदला : रकमध्ये तिसरा गेला तर गुण नाही. मग पहिला पोचणारा आधी बघायला लागतो. बॉलवर कुणी वाकलंय? मग त्याच्याहून खाली जाऊन रेटायचं. कुणीच नाही? मग बॉल उचलायचा आणि पळायचं.

पडलेल्या मुलावरही नजर ठेवा. घाबरून तो बॉल पोटाशी कवटाळतो. पडताच कूस वळवून त्यानं बॉल आपल्या संघाच्या बाजूला हात लांबवून ठेवला, तर चोराला हातभर जास्त वाकावं लागतं. तेवढ्यात आपला गडी पोचतो.

पंचगिरी मात्र कडक हवी. गेटमधूनच, म्हणजे आपल्या बाजूनं सरळ मागूनच यायचं, टॅकल करणाऱ्यानं सोडून बाजूला व्हायचं. बॉलवर वाकलेल्याला पिळून आडवं करणारा क्रॉक रोल जुलै २०२४ पासून बंद आहे, पण जुने व्हिडिओ बघून पोरं तो करतातच!

व्यावसायिक संघांनाही पूर्ण ताकदीचा कॉन्टॅक्ट (अंगाला अंग भिडवायचा सराव) आठवड्याला १५ मिनिटांपर्यंतच ठेवा, असं वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेनं २०२१ मध्ये सुचवलं. तुमच्यांना त्याहून कमी पुरे. बाकी वेळ टॅकलऐवजी कमरेला मिठी मारायची, धरलेल्यानं आपणहून खाली जायचं आणि रक तिथून सुरू.