सॅट ‘ऐच्छिक’ असेल तर ती सोडून द्यावी का?

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यात माध्यमिक शिक्षक आहे. माझी मुलगी राज्य मंडळाच्या अकरावी विज्ञान शाखेत शिकते; दहावीला तिला ९६ टक्के गुण होते. बारावीनंतर गणित किंवा संगणकशास्त्रासाठी अमेरिकेत अर्ज करण्याची तिची इच्छा आहे. तेथील पदवी प्रवेशासाठी द्यावी लागणारी सॅट परीक्षा आता ऐच्छिक झाली असे काही जण सांगतात, तर ती पुन्हा सक्तीची झाली असे दुसरे सांगतात. जेईई आणि सीईटीच्या जोडीला हा तिसरा भार तिच्यावर टाकावा का?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपल्याला सल्ला देणारे दोघेही खरे बोलत आहेत. फक्त ते वेगवेगळ्या विद्यापीठांविषयी बोलत आहेत. २०२० मध्ये करोनामुळे परीक्षा केंद्रे बंद पडली, तेव्हा अमेरिकेतील बहुतेक नामांकित विद्यापीठांनी सॅटची सक्ती उठवली. एमआयटीने मार्च २०२२ मध्ये ती पुन्हा लागू केली आणि २०२४ मध्ये डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक व स्टॅनफर्ड यांनीही तोच निर्णय जाहीर केला. येलला मात्र सॅटऐवजी एपी किंवा आयबी या शालेय अभ्यासक्रमांच्या परीक्षांचे गुणही चालतात. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो ही केंद्रे ज्याच्या छत्राखाली येतात त्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने याच्या अगदी उलट पाऊल टाकले : मे २०२० मध्ये सॅट प्रवेशप्रक्रियेतून काढण्याचे ठरले, आणि अजून तरी तेथे कोणी गुण पाठवले तरी प्रवेश देताना ते विचारात घेतले जात नाहीत. या दोन टोकांच्या मध्ये ‘ऐच्छिक’ म्हणणारी विद्यापीठे पुष्कळ आहेत, आणि आपला घोटाळा तिथेच झाला आहे.

सक्ती परत का आली, हे समजून घेतल्यास आपला निर्णय सोपा होईल. परीक्षेच्या विरोधकांचे म्हणणे असे की सॅटचे गुण घरच्या सुबत्तेप्रमाणे वाढतात, शिकवणी लावू शकणाऱ्यांची मुले पुढे जातात, म्हणून शाळेतील गुण अधिक न्याय्य. या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु शाळेतील गुणांचाच फुगा झाला तर काय करायचे? सॅट न पाहणाऱ्या त्याच सॅन डिएगो केंद्राच्या एका समितीने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार नव्याने आलेल्या दर आठ विद्यार्थ्यांपैकी सुमारे एकाचे गणित माध्यमिक शाळेच्या पातळीखाली होते, आणि त्यांतील अनेकांच्या शालेय प्रगतिपुस्तकात गणिताची श्रेणी उत्तम होती. हार्वर्डच्या पदवी वर्गांतही दोन दशकांपूर्वी साधारण चतुर्थांश श्रेणी ‘ए’ असत. आता त्यांचे प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक झाल्याचे विद्यापीठानेच ऑक्टोबर २०२५ मध्ये मांडले.

आता आपल्या ९६ टक्क्यांकडे पाहू. ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ची सवलत आणि अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण कसे पडतात, हे मी एका शिक्षकाला सांगण्याची गरज नाही. मुलीच्या हुशारीविषयी मला शंका नाही. परंतु सांगलीतील कनिष्ठ महाविद्यालयाचे नाव ज्याने कधी ऐकलेले नाही, अशा अमेरिकेतील प्रवेश अधिकाऱ्याला त्या ९६ मधून नेमके काय वाचायचे हे कळत नाही. डार्टमथच्या प्राध्यापकांनी केलेल्या अभ्यासात हेच दिसले होते. साध्या परिस्थितीतील कितीतरी मुलांनी १६०० पैकी १४०० च्या आसपासचे गुण ‘कमी’ समजून कळवलेच नाहीत, आणि तेच गुण त्यांच्या शाळेच्या पार्श्वभूमीवर त्यांच्या बाजूने धरले गेले असते. म्हणून आपल्या मुलीच्या बाबतीत ‘ऐच्छिक’ या शब्दाचा अर्थ मी ‘द्यावी’ असाच करीन.

यात पैशाचाही प्रश्न आहे, आणि शिक्षकाच्या पगारात तो पहिला प्रश्न आहे. सॅट न मागणारे कॅलिफोर्निया विद्यापीठ परदेशी विद्यार्थ्याकडून राज्याबाहेरील विद्यार्थ्याची जादा फी घेते आणि गरजेनुसार मदत त्याला जवळजवळ मिळत नाही. उलट सॅट मागणारी एमआयटी, हार्वर्ड, डार्टमथ ही विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न पाहता प्रवेश ठरवतात आणि नंतर गरजेनुसार पूर्ण मदत देतात. तेथील प्रवेश अत्यंत अवघड आहे, हे मी लपवणार नाही. पण परीक्षा टाळण्यासाठी कर्जाचा रस्ता धरणे मला पटत नाही.

भाराविषयी मात्र आपण निश्चिंत असावे. आता ही परीक्षा संगणकावर २ तास १४ मिनिटांची असते. गणिताचे ४४ प्रश्न ७० मिनिटांत सोडवायचे असतात, कॅल्क्युलेटर पडद्यावरच मिळतो, आणि जेईई करणाऱ्या मुलीला ते अवघड जात नाहीत. कसोटी लागते ती वाचनाची : ५४ प्रश्न, ६४ मिनिटे, प्रत्येक प्रश्नाला एक लहानसा उतारा. मागील वर्षी माझ्यासमोर बसून सराव करणाऱ्या एका मुलाचे गणित वेळेआधीच संपले होते. पण सहा ओळींच्या उताऱ्यातील रिकाम्या जागी ‘तथापि’ या अर्थाचा शब्द येईल की ‘म्हणून’ या अर्थाचा, यावर तो चार मिनिटे अडून राहिला. शिवाय प्रत्येक विभागाचे दोन भाग असतात आणि पहिल्या भागातील कामगिरीवरून दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. पहिल्या भागात घसरण झाली तर सोपा दुसरा भाग वाट्याला येतो आणि वरचे गुण हातचे जातात. त्यामुळे रोज अर्धा तास इंग्रजी निबंध आणि विज्ञानलेख वाचणे हीच तिची खरी तयारी.

एक गोष्ट नजरेआड करू नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हाइट हाउसने नऊ विद्यापीठांपुढे एक करार ठेवला. त्यात प्रवेशपरीक्षेची सक्ती होती, तसेच पदवीच्या वर्गात परदेशी विद्यार्थी १५ टक्क्यांपेक्षा आणि एका देशाचे ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत अशीही अट होती. एमआयटीने तो सर्वप्रथम नाकारला आणि इतर अनेकांनीही नकार दिला. तरीही वारे कोणत्या दिशेने वाहत आहे हे त्यातून दिसते, म्हणून सर्व अर्ज अमेरिकेतच करू नयेत आणि जेईई-सीईटीही सोडू नये.

अकरावीची परीक्षा संपल्यावर मे किंवा जूनमध्ये पहिला प्रयत्न आणि गरज वाटल्यास ऑगस्टमध्ये दुसरा, असे ठेवावे. कारण लवकरच्या अर्जांची मुदत बहुधा १ नोव्हेंबरला संपते आणि फेब्रुवारीत बारावी असते. केंद्रासाठी बहुधा पुणे गाठावे लागेल, तेव्हा नोंदणी आणि पासपोर्ट दोन्ही आताच पाहावेत. तत्पूर्वी ‘ब्लूबुक’ या ॲपमधील मोफत सराव परीक्षा एखाद्या रविवारी घड्याळ लावून तिला द्यायला सांगावी, आणि वाचनाचे व गणिताचे गुण मला वेगवेगळे कळवावेत. ते हाती आले की विद्यापीठांची यादी आपण मिळून करू.